सगळं हिरवं आहे, साहेब

आमच्या कंपनीचं कसं चाललंय हे पूर्वी मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावरून कळायचं. भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आम्ही ठोकतो. सकाळी गेटातून आत येताना मोठ्या साहेबांनी वॉचमनला 'मुलाची दहावी काय म्हणते?' असं विचारलं, की समजायचं पेमेंट आलं. वॉचमनकडे न बघता गेले, तर बँकेचा फोन आला. आणि गाडीतच बसून राहिले, तर त्या दिवशी कुणी ॲडव्हान्स मागायचा नाही. ही यंत्रणा बिनखर्चाची होती, तिला लॉगिन लागत नसे आणि वॉचमनपासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांना ती एकाच वेळी दिसत असे.

मग धाकटे साहेब एमबीए करून आले. त्यांना काही तो चेहरा वाचता येईना. घरचाच असल्यामुळे बहुधा कधी नीट पाहिला नसावा. त्यांना डॅशबोर्ड हवा होता.

त्यांचं म्हणणं तसं सोपं होतं. आधी धंद्याची दिशा ठरवायची, मग उद्दिष्टं, उद्दिष्टांची मापं, मापांची लक्ष्यं. आणि हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये घालायचं. दर महिन्याला ज्याने त्याने आपला आकडा भरायचा. लक्ष्य गाठलं तर हिरवा दिवा, थोडं हुकलं तर पिवळा, फारच हुकलं तर लाल. "एका नजरेत अख्खी कंपनी दिसली पाहिजे," धाकटे साहेब म्हणाले.

"अरे, कंपनी आहेच केवढी?" मोठे साहेब म्हणाले. "गच्चीवर जा, दिसते."

पण सॉफ्टवेअर आलं. सोबत सल्लागार आला. सल्लागाराने पहिल्याच दिवशी सांगितलं की, १९९२ साली रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लेख लिहून 'बॅलन्स्ड स्कोअरकार्ड' मांडलं. नुसत्या नफ्याकडे बघून कंपनी हाकू नका. ग्राहक काय म्हणतो, आतलं काम कसं चालतं आणि माणसं नवं काही शिकतायत का, तेही बघा. म्हणजे पैसा धरून चार खिडक्या. मुद्दा इतका शहाणपणाचा आहे, की त्याला हसण्याची सोय नाही. हसू यायला तो आधी भोसरीत पोचावा लागतो.

सल्लागाराने भिंतीवर एक नकाशा लावला. सगळ्यांत खाली 'कर्मचारी प्रशिक्षण'. तिथून एक बाण 'कामाच्या पद्धती'कडे, तिथून एक 'समाधानी ग्राहका'कडे आणि सगळ्यांत वर, सोनेरी चौकटीत, 'नफा'. म्हणजे स्टोअरच्या काकांना एक्सेलच्या वर्गाला बसवलं, की बाणाबाणाने चढत शेवटी नफा वाढतो. काकांनी चष्मा लावून तो नकाशा बराच वेळ पाहिला.

"म्हणजे तोटा झाला तर सुरुवात माझ्यापासून करणार," ते म्हणाले.

बाण उलटेही वाचता येतात, हे सल्लागाराला हार्वर्डने सांगितलेलं नव्हतं.

अशा सॉफ्टवेअरला कंपनीत एक 'चॅम्पियन' लागतो. सगळ्यांच्या मागे लागून आकडे भरून घेणारा तो चॅम्पियन. "कोण होणार?" असं धाकट्या साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घालून आपापल्या वहीत बघितलं. मी वही आणली नव्हती. म्हणून परचेसमधला मी, ज्याने आयुष्यात कॅरमसुद्धा कधी जिंकला नाही, तो चॅम्पियन झालो.

सल्लागार म्हणाला, मापं मोजकीच घ्या. हे वाक्य त्याने पहिल्या सभेत म्हटलं आणि नंतर त्यालाही पश्चात्ताप झाला असावा. कारण एव्हाना एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली होती: ज्याचं माप नाही त्याचं काम नाही, आणि ज्याचं काम नाही त्याचं पुढे काय होतं ते शेजारच्या कंपनीत नुकतंच झालं होतं. मग मापांची रीघ लागली. सिक्युरिटीने 'गेटवर तपासलेल्या जेवणाच्या डब्यांची टक्केवारी' आणली. कँटीनवाल्याने 'ताटात उरलेलं अन्न, किलोमध्ये' आणलं. माळ्याने काही आणलं नाही, पण त्याला कुणीतरी घाबरवलं, तेव्हा तोही येऊन "कुंड्या मोजा" असं सांगून गेला.

क्वालिटीच्या साहेबांनी पीपीएम आणलं. दहा लाख नगांमागे खराब किती, ते हे माप. गाड्यांच्या धंद्यात ग्राहक याच भाषेत बोलतो, त्यामुळे ते टाळता येत नाही. फक्त आमचा एक ग्राहक महिन्याला दोन हजारच नग घेतो. त्यातले चार खराब निघाले, की सॉफ्टवेअर इमानेइतबारे गुणाकार करून सांगतं : पीपीएम २०००. मोठ्या लाल अक्षरांत. क्वालिटीचे साहेब दर महिन्याला तो आकडा बघून दचकतात आणि येईल जाईल त्याला चार बोटं दाखवतात. "चारच होते हो! चार!"

मापं ठरली, मग लक्ष्यं ठरवायची. हे काम माझ्याकडे होतं. मी डिस्पॅचला गेलो.

"वेळेवर डिलिव्हरीचं लक्ष्य किती धरू?"

"गेल्या वर्षी किती होती?"

"९१ टक्के."

"मग ९० धरा."

"साहेब ९५ म्हणतायत."

"मग गेल्या वर्षीचे ८५ करा. म्हणजे ९० ला वाढ दिसेल. साहेबही खूश, आम्हीही."

प्रॉडक्शनने सांगितलं, आमचं लक्ष्य कमी ठेवा, कारण सेल्सवाले ऑर्डर आणत नाहीत. सेल्सने सांगितलं, आमचं कमी ठेवा, कारण प्रॉडक्शनवाले माल देत नाहीत. आपलं लक्ष्य कमी असावं आणि शेजारच्याचं जास्त असावं, यावर अख्ख्या कंपनीचं एकमत झालं. एवढं एकमत बोनसच्या वेळीही होत नाही.

पहिल्याच महिन्यात डॅशबोर्ड हिरवागार आला. धाकट्या साहेबांनी पेढे आणवले. पेढे खाऊन झाल्यावर स्टोअरच्या काकांनी विचारलं, "रिजेक्शन एका महिन्यात दुप्पट झालंय. मग ते हिरवं कसं?"

त्याचं असं झालं, की सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मापापुढे 'जास्त तेवढं चांगलं' की 'कमी तेवढं चांगलं' हे निवडावं लागतं. न निवडल्यास सॉफ्टवेअर स्वतःच्या आशावादी स्वभावानुसार 'जास्त तेवढं चांगलं' धरतं. त्यामुळे रिजेक्शन वाढलं, हिरवं. तक्रारी वाढल्या, हिरवं. किती जण नोकरी सोडून गेले, हे तर इतकं गडद हिरवं होतं, की धाकट्या साहेबांनी एचआरच्या मॅडमना सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. मॅडमनी ती नम्रपणे घेतलीही होती. "सगळी टीमची मेहनत आहे," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते खोटं नव्हतं. टीम मेहनतीनेच गेली होती.

हे निस्तरेपर्यंत प्रेस क्रमांक तीनचं प्रकरण निघालं. मशीन किती वेळ चालू होतं, किती वेगाने चाललं आणि त्यातला चांगला माल किती, या तिघांचा गुणाकार म्हणजे ओईई. ८५ टक्के आले तर जागतिक दर्जा, असं या क्षेत्रात मानतात. आमच्या प्रेस क्रमांक तीनने ११२ टक्के काढले. जपानला मागे टाकणारा हा प्रेस १९८० च्या दशकातला, सेकंडहँड, आणि त्याच्या एका बाजूला लाकडी पाचर मारलेली. मशीनला एक नग काढायला जितका वेळ लागतो असं कागदावर लिहिलेलं होतं, ते कधीच्या काळी कुणीतरी सढळ हाताने लिहिलेलं होतं, एवढाच त्यातला चमत्कार. तो आकडा दुरुस्त करायला प्रॉडक्शनचे साहेब राजी होईनात. "आता दाखवलाय ना वर," ते म्हणाले, "मग राहू द्या. खाली आणला तर कारण लिहावं लागेल."

कारण लिहिणं हे या सॉफ्टवेअरचं दुसरं अंग. दिवा लाल झाला, की खाली एक चौकट उघडते आणि ती भरल्याशिवाय बंद होत नाही. मूळ कारण काय, उपाय काय, जबाबदारी कुणाची, तारीख काय. सुरुवातीला लोकांनी मनापासून लिहिलं. 'डाय तुटली.' 'पत्रा वेळेवर आला नाही.' 'ऑपरेटरच्या बहिणीचं लग्न.' मग त्या प्रामाणिक कारणांवर सभेत प्रश्न येऊ लागले. डाय का तुटली? बहिणीचं लग्न आधी ठरलेलं नव्हतं का? तेव्हापासून कंपनीत एक नवी गद्यशैली जन्माला आली. 'संबंधितांशी पाठपुरावा चालू आहे.' 'परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवण्यात येत आहे.' या शैलीचा फायदा असा, की त्यात प्रश्न विचारायला जागा सापडत नाही.

आषाढाच्या तोंडावर आमची डिलिव्हरी दर वर्षी लाल होते, कारण पालख्या निघाल्या की रस्ते बंद आणि ट्रक गेटात. सॉफ्टवेअरने डिस्पॅचच्या माणसाला विचारलं, ही जोखीम आधी का नोंदवली नाही? मग त्याने नोंदवली. पुढची चौकट : घडण्याची शक्यता कमी, मध्यम की जास्त? त्याने 'मध्यम' निवडलं. हा माणूस स्वतः माळकरी. दर वर्षी रजा टाकून आळंदी ते सासवड चालतो. त्याने वारी होण्याची शक्यता मध्यम धरलेली पाहून काकांनी कानाला हात लावले.

"अरे, शेकडो वर्षं निघतेय पालखी!"

"'जास्त' टाकलं की उपाययोजना लिहावी लागते, काका," तो म्हणाला. "काय लिहू? माउलींना तारीख पुढे ढकलायची विनंती केली आहे, म्हणून?"

आकडे भरायची मुदत दर महिन्याची पाच तारीख. शॉपफ्लोअरवर आकडा जन्मतो तो सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत, पेन्सिलीने. तिथून तो रजिस्टरमध्ये, रजिस्टरमधून एक्सेलमध्ये, एक्सेलमधून सॉफ्टवेअरमध्ये येतो आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर थोडा गोलमटोल होतो. आता सॉफ्टवेअर म्हणतं, 'थेट माहिती, तत्क्षणी.' आमचा तत्क्षण साधारण तीन आठवड्यांचा आहे.

शिवाय लायसन्स मोजक्याच लोकांचं घेतलेलं. त्यामुळे क्वालिटीतले सगळे 'क्वालिटी-१' या एकाच नावाने आत शिरतात. पासवर्डमध्ये मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि खुणेचं चिन्ह लागतं, म्हणून तो कम्प्युटरच्या वर कागदावर ठळक लिहून चिकटवलाय. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने क्वालिटी-१ हा एकच माणूस आहे, तो तिन्ही पाळ्यांत काम करतो, रविवारीही येतो आणि त्याने वर्षभरात एक रजा घेतलेली नाही. वर्षअखेरीला सॉफ्टवेअरने त्याला 'सर्वांत सक्रिय सदस्य' ठरवलं. एचआरने सर्टिफिकेट छापलं. ते अजून एचआरच्या कपाटात आहे.

माझी अडचण वेगळीच. परचेसच्या मापांचा मालक मी आणि चॅम्पियन म्हणून माझ्यावरचा अधिकारीही सॉफ्टवेअरमध्ये मीच. पाच तारीख उलटली, की मला मेल येते : तुमचा आकडा राहिला आहे. मग मला दुसरी मेल येते : तुमच्या हाताखालच्या माणसाने आकडा भरलेला नाही, त्याच्याशी बोला. मी माझ्याशी बोलतो. काही उपयोग होत नाही. मी ऐकणाऱ्यांतला नाही.

पण माणूस शिकतो. नकाशाच्या तळाशी ते लिहिलेलंच होतं. सहा महिन्यांत आमची माणसं इतकी शिकली, की डॅशबोर्ड पुन्हा हिरवा होऊ लागला आणि या वेळी सेटिंग अचूक होतं.

डिस्पॅचने शोध लावला, की डिलिव्हरी वेळेवर आहे की नाही हे दिलेल्या तारखेवरून ठरतं आणि दिलेली तारीख सुधारता येते. माल ट्रकमध्ये चढला, की मग ते तारीख सुधारतात. तेव्हापासून आम्ही कधी उशीर केलेला नाही. कँटीनवाल्याने भाजीचा डाव लहान केला. ताटात उरणारं अन्न शून्यावर आलं. ताटात पडणारंच शून्याच्या आसपास होतं. कायझेनच्या योजनेत प्रत्येक कामगाराने महिन्याला एक सुधारणा सुचवायची असते. एका ऑपरेटरने सुचवलं, 'पंखा बसवावा.' पुढच्या महिन्यात, 'पंखा पुसावा.' मग, 'पंखा थोडा डावीकडे घ्यावा.' मग, 'पंखा पूर्वीच्या जागी न्यावा.' चारही सुधारणा मंजूर. पंखा अजून आलेला नाही.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये आपल्या देशाच्या चलनधोरणाचा अभ्यास करून याचा नियमच सांगून ठेवलाय. पुढे १९९७ मध्ये मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो सोपा करून मांडला : मापालाच लक्ष्य केलं, की ते चांगलं माप राहत नाही. एकाला त्यासाठी चलनधोरण कोळून प्यावं लागलं, दुसरीला मानववंशशास्त्र. आमच्या कँटीनवाल्याने ते एका डावात सिद्ध केलं.

तशी ही विद्या जुनीच आहे. १९०२ मध्ये हनोईत फ्रेंच सरकारने उंदीर मारायची मोहीम काढली आणि उंदराच्या शेपटीमागे इनाम लावलं. शेपट्यांचे ढीग लागले. सरकारी आलेख बघून साहेब लोक खूश. मग गावात बिनशेपटीचे उंदीर फिरताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्याला पिल्लं होतील आणि शेपट्यांचा पुरवठा चालू राहील. काहींनी तर गावाबाहेर उंदीर पाळायला घेतले होते.

आमच्याकडे ग्राहकाची तक्रार चोवीस तासांत बंद करायचं लक्ष्य आहे. ती बंद होते. 'ग्राहकास कळवले' असं लिहून बंद होते. ग्राहकाला काय कळवलं? तर तक्रार बंद केल्याचं. ब्रॅकेटचं भोक मात्र अजून होतं तिथेच, म्हणजे जिथे नको तिथे आहे. तो ग्राहक परत तक्रार करतो, ती नवी तक्रार म्हणून नोंदवली जाते आणि तीही चोवीस तासांत बंद होते. आमच्या कंपनीत असे बिनशेपटीचे उंदीर बरेच फिरतायत.

मी हे धाकट्या साहेबांच्या कानावर घालायचं ठरवलं आणि सभेत वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेचं उदाहरण दिलं. तिथे प्रत्येक ग्राहकाला खातं, कार्ड, कर्ज असं धरून आठ गोष्टी विकायचा वरून धोशा होता; कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली आणि २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. सभेत शांतता पसरली. मग सेल्सचे साहेब पुढे झुकून, खऱ्या कौतुकाने म्हणाले, "आठ? एका ग्राहकामागे आठ?"

या आढावा सभेविषयी सांगायला हवं. दर महिन्याला ती होते. पहिली काही मिनिटं प्रोजेक्टरची वायर शोधण्यात जातात, पुढची ती कुणी नेली यावर जातात. मग पडद्यावर एक गोल फिरत राहतो. तो फिरत असताना सगळे त्याच्याकडे एकटक बघतात. एवढं लक्ष नंतर कशाकडेच दिलं जात नाही. मग डॅशबोर्ड उघडतो. हिरव्या ओळी कुणी वाचत नाही, कारण त्या हिरव्या आहेत. लाल ओळींवर कुणी बोलत नाही, कारण ज्याची ओळ लाल तो त्या दिवशी हटकून ग्राहकाकडे गेलेला असतो. उरल्या पिवळ्या. मग चर्चा होते ती अशी, की ९० च्या खाली पिवळं, हे फार कडक नाही का? ८८ केलं तर? ८८ होतं. तीन ओळी हिरव्या होतात. टाळ्या पडतात. ब्रॅकेट आहेत तिथेच असतात.

सभागृहाच्या एका भिंतीवर पीटर ड्रकर यांचा फोटो आहे. त्याखाली 'जे मोजलं जातं, तेच सुधारतं' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. ड्रकर असं कधी बोलले नव्हते, हे त्यांच्याच नावाच्या संस्थेने कधीच सांगून टाकलंय. पण फ्रेम महाग होती. समोरच्या भिंतीवर जपान्यांना क्वालिटीचे धडे देणारे एडवर्ड्स डेमिंग. कामगारांवर आकड्यांचे कोटे लादू नका, हे ते जन्मभर सांगत राहिले. त्यांच्या बरोबर खाली आमचा कोट्याचा फळा आहे.

बाहेरून हिरवं आणि आत लालभडक अशा अहवालाला जगभरचे प्रोजेक्टवाले कलिंगड म्हणतात. आम्ही बारा महिने कलिंगडं पिकवत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण मेंटेनन्सच्या साहेबांनी घोळ घातला.

हे साहेब सभेत एकटेच आकडे वाचायचे. "डाउनटाइम गेल्या महिन्यात १४ तास, या महिन्यात २२. मग यावर कुणी काही बोलत का नाही?" असं ते विचारत. बाकीचे त्यांना समजावत, "साहेब, हिरवं आहे ते. लक्ष्य २५ केलंय आपण." तरी पुढच्या सभेत तेच. माणूस खवचट आहे, असं सगळ्यांचं मत झालं. मग कंपनीत डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर लागलं आणि साहेब रंगांध निघाले. लाल आणि हिरवा त्यांना सारखाच दिसतो. पुरुषांत हे काही फार दुर्मीळ नाही. त्यामुळे इतके दिवस बिचाऱ्यांना नाइलाजाने आकडे वाचावे लागत होते.

धाकट्या साहेबांनी लगेच माणुसकीने दखल घेतली. आता डॅशबोर्डवर रंगासोबत हसरा आणि रडका चेहरा येतो. मेंटेनन्सच्या साहेबांचे प्रश्न बंद झाले.

मोठे साहेब सभेला येत नाहीत. ते संध्याकाळी काठी टेकत शेडच्या मागच्या बाजूला जातात आणि भंगाराच्या ढिगापाशी उभे राहतात. एकदा मी तिथून जात होतो.

"काय रे चॅम्पियन, रिजेक्शन काय म्हणतंय?"

"हिरवं आहे, साहेब. दोन टक्क्यांच्या आत."

"असं? मग भंगारवाल्याचा टेम्पो या महिन्यात चार वेळा कसा आला?"

मी म्हणालो, "साहेब, टेम्पोच्या फेऱ्या हे आपलं माप नाही."

"बरं आहे," ते म्हणाले. "नाहीतर त्यालाही तुम्ही सांगाल, मोठा टेम्पो आण आणि एकदाच ये."

मी गप्प राहिलो. कल्पना चांगली होती, हे मात्र माझ्या डोक्यात नोंदलं गेलं. प्रॉडक्शनच्या साहेबांच्याही गेलं असावं, कारण ते मागेच उभे होते.

मध्ये मोठ्या ग्राहकाचा ऑडिटर आला. त्याने गेटापाशी डॅशबोर्डचा पडदा पाहिला, त्यावरचे हसरे चेहरे पाहिले आणि 'प्रणाली प्रभावीपणे राबवली आहे' असं लिहून टाकलं. जाता जाता त्याने प्रेसवरच्या पोराला विचारलं, "तुमच्या लाइनचं या महिन्याचं उद्दिष्ट काय?" पोराने मशीन थांबवलं, हात पुसले आणि विचारपूर्वक सांगितलं, "ओव्हरटाइम." ऑडिटरने ते 'कर्मचारी उद्दिष्टांशी एकरूप' या रकान्यात धरलं.

मार्चमध्ये सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलचं बिल आलं. आकडा बघून धाकट्या साहेबांनी मला बोलावलं.

"या सॉफ्टवेअरने कंपनीचा नेमका किती फायदा झाला, हे आपण मोजतो का?"

"नाही, साहेब."

"मोजायला हवं."

लगेच नवं माप निघालं : 'सॉफ्टवेअरमुळे झालेला फायदा, रुपयांत.' मालक, अर्थातच, मी. पहिल्याच आढाव्यात ते लाल आलं आणि खाली चौकट उघडली. मी लिहिलं, 'काम चालू आहे.' सॉफ्टवेअर म्हणालं, मजकूर फार त्रोटक आहे. मी लिहिलं, 'काम अत्यंत वेगाने चालू असून संबंधितांशी सातत्याने पाठपुरावा करण्यात येत आहे.' ते त्याला पटलं. सुधारित तारीख टाकली पुढच्या मार्चची. दिवा हिरवा झाला, त्याशेजारी चेहरा हसला आणि तो हसलेला बघून धाकट्या साहेबांनी बिल मंजूर केलं.

ऑर्डर काढायची ती परचेसने. मंजुरीनंतर दोन दिवसांत ऑर्डर निघाली पाहिजे, असं परचेसचं एक माप आहे. मी त्याच दुपारी काढली. तारीख सुधारली नाही, लक्ष्य खाली आणलं नाही, चौकटीत एक ओळही लिहावी लागली नाही. अख्ख्या वर्षात आतपर्यंत हिरवं असलेलं माझं ते एकमेव माप.